गणपतीला घर भरायच्या आधी कुत्र्याच्या खोकल्याचं बघा

कोकणात कुत्र्यांच्या खोकल्याचा हंगाम पावसापेक्षा माणसांच्या येण्याजाण्यावर जास्त ठरतो. शिमग्याला, मे महिन्यात आणि भाद्रपदात मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात, आणि आता त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एखादा लॅब्राडोर, पग नाहीतर शिह त्झू बसलेला असतो. नागाव, काशीद, दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा किनाऱ्यांवर कुत्र्याला राहू देणारी होमस्टे वाढली आहेत. 2020 मध्ये मुंबई ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यापासून अलिबागकडे गाडीसकट, कुत्र्यासकट येणं सोपं झालं. शहरातला हा कुत्रा बोर्डिंगमध्ये, ग्रूमिंगच्या दुकानात, सोसायटीच्या बागेत दहा कुत्र्यांत मिसळून आलेला असतो. इथला कुत्रा वाडीभर, बंदरावर, पुळणीवर मोकळा फिरतो. संध्याकाळी दोघं समोरासमोर येतात, नाकाला नाक लावतात, आणि श्वासाचे आजार पसरायला एवढं पुरतं.

फ्लूत कुत्रा सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकतो तो खोकला सुरू व्हायच्या आधी आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत. त्यामुळे खोकला ऐकू आल्यावर केलेली धावपळ त्या कुत्र्याच्या कामी येते, पण शेजारच्या चार कुत्र्यांसाठी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून प्रतिबंधाचं वेळापत्रक सणांकडे बघून आखावं, असं माझं ठाम मत आहे. ते कसं आखायचं हे पुढे लिहिलं आहे. आधी आजार नीट समजून घेऊ.

फ्लू कोणता, आणि फ्लूसारखं दिसणारं काय काय

कुत्र्यांचा फ्लू हा इन्फ्लुएन्झा ए गटातल्या विषाणूंमुळे होतो. कुत्र्यांत टिकून राहिलेले दोन प्रकार माहीत आहेत. एच3एन8 हा घोड्यांकडून कुत्र्यांत आला. 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. दुसरा एच3एन2. तो मुळात पक्ष्यांचा. दक्षिण कोरिया, चीन, थायलंड असा आशियात पसरला आणि 2015 मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली. एच3एन2 मांजरांनाही होऊ शकतो, त्यामुळे घरात कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर वेगळं ठेवण्याचा नियम दोघांनाही लावायचा. कुत्र्यांच्या या दोन्ही फ्लूंची लागण माणसाला झाल्याची नोंद नाही. पण आपले हात आणि कपडे विषाणू एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे व्यवस्थित पोचवतात.

संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. लागण झालेल्या पाचांतला एक कुत्रा काहीच लक्षण दाखवत नाही, पण आजार पसरवत असतो. बहुतेकांना सौम्य आजार होतो: खोकला, शिंका, नाक गळणं, थोडा ताप, जेवणावरची वासना उडणं, मलूलपणा. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, आणि तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. थोड्यांना मात्र न्यूमोनिया होतो, ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर जातो. दगावण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असतं, पण दगावतात ते बहुतेक न्यूमोनियाने.

खोकणारा प्रत्येक कुत्रा फ्लूचाच असं मात्र अजिबात नाही. जास्त वेळा आढळतो तो केनेल कफ. हा एका जंतूचा आजार नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, ॲडिनोव्हायरस-2, मायकोप्लाझ्मा असे बरेच जण त्यात एकेकटे किंवा मिळून सामील असतात. नुसतं बघून फ्लू आणि केनेल कफ वेगळे ओळखता येत नाहीत, डॉक्टरांनाही नाही. नक्की सांगायचं तर नाकातला आणि घशातला नमुना घेऊन पीसीआर चाचणी करावी लागते, आणि ती आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच उपयोगी पडते. पुढे विषाणू सापडायचं प्रमाण झपाट्याने कमी होतं. नमुना बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो, म्हणून त्याच्या निकालासाठी उपचार थांबवून ठेवायचे नसतात. एका घरातला एकच कुत्रा खोकत असेल तर चाचणीचा आग्रह धरण्यात फार अर्थ नाही. पाच-सहा कुत्री एकदम आजारी पडली, किंवा बोर्डिंग चालवणाऱ्याकडे साथ आली, तर मात्र ती जरूर करावी.

खोकला कसा दिसतो ते एकदा नीट पाहून ठेवा, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. कुत्रा उभा राहतो, मान पुढे ताणतो, पाठीला पोक काढतो आणि कोरड्या, ठणठणीत आवाजात सलग ढास लागते. शेवटी घशातून ओकारीसारखा आवाज येतो आणि जमिनीवर पांढरा फेस किंवा थोडा चिकट बुळबुळीत कफ पडतो. अन्न पडत नाही. घरातले म्हणतात, "उलटी झाली", किंवा "घशात काटा अडकलाय". कोकणात कुत्र्याला माशाची मुंडी, काटे घालायची रीत असल्यामुळे काट्याचा संशय येणं स्वाभाविक आहे, आणि कधी तो खराही असतो. काटा अडकलेला कुत्रा अचानक, खाताना किंवा खाऊन लगेच बेचैन होतो, पंजाने तोंड खरवडतो, लाळ गाळतो. केनेल कफचा कुत्रा पट्टा ओढला की, धावलं की, सकाळी उठल्यावर ढास काढतो आणि मधल्या वेळात बरा असतो.

काटा बघायला तोंडात हात घालू नका. लाळ गळणं, गिळता न येणं, खालचा जबडा लोंबणं, भुंकण्याचा आवाज बदलणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत, आणि मुक्या प्रकारच्या रेबीजमध्ये कुत्रा चावरा न होता नुसता गप्प पडून राहतो. लसीकरणाचा ठावठिकाणा नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात बोटं घालून "काटा काढणं" जिवावर बेतू शकतं. लाळ हाताला लागलीच, ओरखडा असला, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

आणखी चार-पाच आजार इथे फ्लूच्या नावाखाली अंगावर काढले जातात. डिस्टेंपरमध्ये ताप, नाक गळणं, खोकला हे सगळं असतं, पण डोळ्यांना घट्ट पिवळी चिपडं, उलट्या-जुलाब, नाकाची आणि पावलांची कातडी जाड होणं, आणि काही आठवड्यांनी झटके किंवा पाय फडफडणं, हे फ्लूत नसतं. लस न घेतलेल्या पिल्लात असं काही दिसलं तर तासही घालवू नका. गोचिडीच्या तापात कुत्रा मलूल होतो, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि कधी नाकातून रक्त येतं. रक्त आलं की फ्लूचा विचार बाजूला ठेवायचा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, कोकणात पावसाळ्याचा नेहमीचा पाहुणा. ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी गडद किंवा खूप कमी. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नये. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका दबल्यामुळे बदकासारखा आवाज करणारा जुना खोकला असतो, तो संसर्ग नाहीच. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री झोपेत खोकला येत असेल, चालताना धाप लागत असेल, तर हृदय तपासून घ्यावं.

घरी काय मोजायचं

डॉक्टर वीस-पंचवीस किलोमीटरवर असतात तिथे ही मोजणी फार मोलाची ठरते. फोनवर "बरं नाही त्याला" सांगण्यापेक्षा दोन आकडे सांगितले तर डॉक्टर लगेच ठरवू शकतात की आत्ता आणा की उद्या चालेल.

ताप हात लावून कळत नाही, आणि नाक कोरडं-ओलं असण्याचा तापाशी संबंध नाही. टोक वाकणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो फक्त कुत्र्यासाठी ठेवा. टोकाला खोबरेल तेल लावा. एकाने कुत्र्याचं डोकं काखेत धरून बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट बाजूला करून गुदद्वारात दोन-अडीच सेंटिमीटर टोक आत सरकवायचं आणि हलकेच बाजूच्या भिंतीला टेकवायचं. मध्ये विष्ठेत घुसलं तर आकडा चुकतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याला नॉर्मल. धावून आला असेल किंवा उन्हात होता तर अर्धा तास थांबून मोजा. 103 च्या वर ताप, 104 च्या वर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरा आकडा श्वासाचा, आणि न्यूमोनिया ओळखायला तो तापापेक्षाही जास्त कामाचा. कोकणातल्या दमट हवेत कुत्रा जागेपणी जीभ काढून धापा टाकतच असतो, तेव्हा मोजून उपयोग नाही. तो झोपलेला असताना, तोंड मिटलेलं असताना बरगड्यांकडे बघा. एकदा वर, एकदा खाली, हा एक श्वास. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. झोपेत मिनिटाला 30 च्या खाली असायला हवं. पुन्हापुन्हा 40 च्या वर येत असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्या. कुत्रा बरा असतानाच दोन-तीनदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवलं तर आजारपणात फरक लगेच कळतो.

हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. ज्यांच्या हिरड्या काळ्या असतात त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा. हिरडी निळसर, राखाडी किंवा विटकरी दिसली, कुत्रा कोपर बाहेर काढून मान ताणून बसला आणि आडवा पडायला तयार नसला, तर गाडी काढा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण मादी, म्हातारा कुत्रा आणि पग, शिह त्झूसारखे चपट्या नाकाचे, यांच्या बाबतीत साधा ताप-खोकलाही एका दिवसापेक्षा जास्त घरी बघत बसू नका.

जवळ खासगी डॉक्टर नसेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाता येतं, आणि 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. निघायच्या आधी फोन करून "खोकणारा कुत्रा आणतोय" हे सांगा. दवाखान्यात पोचल्यावर त्याला रांगेत बाकांखाली बसवू नका. गाडीत किंवा लांब झाडाखाली थांबा आणि नंबर आला की आत न्या.

औषधाच्या डब्याला हात लावू नका

कुत्रा खोकायला लागला की घरातला माणसांचा औषधाचा डबा उघडला जातो, आणि फ्लूपेक्षा मोठं नुकसान तिथे होतं. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. मांजराला तर अर्धी गोळीही जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. साखर नसलेल्या खोकल्याच्या औषधांत झायलिटॉल असू शकतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. सर्दीच्या गोळ्यांतली नाक मोकळं करणारी औषधं हृदयाचे ठोके वाढवतात. छातीला बाम, कापूर, निलगिरी तेल चोळलं तर तो चाटणारच, आणि कापूर पोटात गेला की झटके येतात. कांदा-लसूण घातलेला काढा किंवा सूप तर नकोच, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

फ्लू विषाणूचा आजार असल्याने अँटिबायोटिकने विषाणूवर काही होत नाही. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, ताप उतरत नाही, क्ष-किरणात छाती भरलेली दिसते, अशा वेळी वरून चढलेल्या जिवाणूंसाठी डॉक्टर ते देतात. मागच्या वेळची उरलेली डॉक्सीसायक्लिन कपाटातून काढून देऊ नका. ती डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणासोबत द्या आणि वर थोडं पाणी पाजा, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटली की तिथे जखम होते. खोकला दाबणारं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. छातीत कफ असेल तर खोकला हाच तो बाहेर काढायचा मार्ग.

घरी करण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते साधं आहे. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, म्हणजे श्वासनलिकेवर दाब येत नाही. दिवसात तीन-चारदा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसा, कारण वास आला नाही तर कुत्रा खात नाही. मऊ पेज करा, मीठ न घालता, त्यात हाडं काढलेली उकडलेली कोंबडी कुस्करून घाला, हाताला कोमट लागेल अशीच द्या. काटे काढलेला उकडलेला मासाही चालतो. पाणी दिवसाला दर किलो वजनामागे 50 ते 60 मिलिलिटर, म्हणजे 15 किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटरच्या आसपास, पेजेतलं पाणी धरून. त्याला पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. हळद-दुधाचा मोह होतो, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि वरून जुलाब लागतात. मोठ्या कुत्र्याला अर्धा चमचा मध चाटवला तर घसा थोडा शांत होतो. पिल्लाला तोही नको.

नाक चोंदलं असेल तर गरम पाणी सोडून वाफ भरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं त्याच्यासोबत बसा, पाण्यात काहीही न टाकता. पावसाळ्यात आपली हवा इतकी दमट असते की याची गरज कमीच पडते. धुराचा प्रश्न मात्र खूप मोठा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. पावसात कुत्रा ऊब शोधत न्हाणीच्या चुलाणाजवळ, राखेशेजारी जाऊन झोपतो. ओल्या लाकडांचा आणि नारळाच्या सोडणांचा धूर, डासांची कॉइल, संध्याकाळचा धूप हे सगळं सुजलेल्या श्वासनलिकेला जाळतं, आणि बरा होत आलेला खोकला परत उसळतो. आजारपणात त्याची जागा तिथून हलवा, आणि ऊब म्हणून खाली कोरडं जाड कापड द्या.

दोन-तीन आठवडे धावणं, समुद्रात पोहणं बंद. पोहताना पाणी नाकात जातं आणि जोरजोरात श्वास घ्यावा लागतो, आतून अजून भरून न आलेल्या श्वासनलिकेला ते झेपत नाही.

वेगळं ठेवणं आणि धुणं

आजारी कुत्र्याला मागच्या पडवीत किंवा परसातल्या खोलीत, दुसऱ्या कुत्र्यांना नाक लावता येणार नाही अशा जागी ठेवा. एच3एन2चा विषाणू आजार दिसल्यानंतरही तीन आठवड्यांपर्यंत बाहेर पडू शकतो, म्हणून फ्लूचा संशय असेल तर पहिल्या लक्षणापासून 21 दिवस धरायचे, खोकला दहा दिवसांत थांबला तरीही. लोक खोकला थांबला की दुसऱ्या दिवशी कुत्र्याला पुळणीवर नेतात. साथ लांबण्याचं हे मुख्य कारण.

खाणं-पाणी आधी निरोगी कुत्र्यांना, मग आजारी. उलटं केलं तर आपणच आजार वाटत जातो. विषाणू कडक पृष्ठभागावर 48 तासांपर्यंत, कपड्यावर साधारण 24 तास, हातावर 12 तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणून आजारी कुत्र्यापाशी जाताना एक जुना शर्ट वेगळा खुंटीला ठेवा, बाहेर आलात की तो काढा, साबणाने हात धुवा. ताट-भांडी स्टीलची ठेवा. प्लॅस्टिकच्या चरांत घाण बसते. अंथरूण म्हणून गोधडी देऊ नका, श्रावणात ती आठ दिवस वाळत नाही. जुन्या सुती साडीचे चार-पाच तुकडे करा, रोज एक बदला, गरम पाण्यात साबणाने धुवा. गोणपाट दिलं असेल तर आजारानंतर जाळून टाका.

साबण हा या विषाणूचा पहिला शत्रू, कारण त्याचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं. जमीन आधी साबणाने घासायची, मग ब्लीच. बाजारातलं 5 टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात 30 मिलिलिटर घाला. गावात विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते, ती असेल तर लिटरला सपाट चमचाभर, साधारण 5 ग्रॅम, ढवळून गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. दमट हवेत ही पावडर लवकर मरते. गोळे झाले असतील, नाकाला झोंबणारा वास येत नसेल तर तिचा उपयोग नाही. द्रावण रोज ताजं करा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन वाळल्यावरच कुत्र्याला आत सोडा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कुत्र्याच्या लघवीवरही थेट ब्लीच ओतू नका, आधी पाण्याने वाहून घालवा.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीच फुकट जातं, सेंद्रिय पदार्थ त्याला खाऊन टाकतात. उघड्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवरही तेच, ते सच्छिद्र असतात. आजारी कुत्र्याला म्हणूनच लादीवर किंवा कोब्यावर ठेवा. सारवलेल्या जागी तो राहिलाच असेल तर ती जागा दोन दिवस पूर्ण रिकामी आणि हवेशीर ठेवायची, नंतर पुन्हा सारवायची.

लस कधी, कोणती

कुत्र्याच्या लसीच्या कार्डावर डीएचपीपीआय असं लिहिलेलं असतं, ती अनेक आजारांची मिश्र लस. यातलं शेवटचं पीआय म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झा. बऱ्याच मालकांना वाटतं, फ्लूची लस झाली. तसं नाही, हा वेगळ्याच कुळातला विषाणू आहे. फ्लूची लस अमेरिकेत मिळते, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. आपल्याकडे नेहमी दिल्या जाणाऱ्या मिश्र लसींत ती नसते. तरीही मिश्र लस टाळून चालणार नाही, कारण डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएन्झा यांना ती अडवते, आणि फ्लू झालाच तर त्यावर हे आजार चढण्याची शक्यता कमी होते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिला डोस, मग 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, आणि पुढे बूस्टर डॉक्टर सांगतील तसा. लेप्टोचा भाग कोकणात दरवर्षी घ्यायचाच, जमल्यास पावसाच्या तोंडावर.

केनेल कफसाठी नाकात थेंब टाकून द्यायची लस आहे. तिच्यात बोर्डेटेला आणि पॅराइन्फ्लुएन्झा दोन्ही असतात. बोर्डेटेलापासून संरक्षण तीन दिवसांत सुरू होतं, पण पॅराइन्फ्लुएन्झाला तीन आठवडे लागतात. आता पंचांग उघडा. नागपंचमी ते गणेश चतुर्थी साधारण चार आठवडे. म्हणून नागपंचमीच्या आसपास ही लस दिली की चतुर्थीला कुत्रा तयार असतो. तिचा परिणाम वर्षभर धरतात, त्यामुळे पुढचा शिमगा आणि मे महिना त्यातच भागतो. ही जिवंत लस असल्याने त्या दिवसांत अँटिबायोटिक चालू असेल तर ती वाया जाते. लस दिलेला कुत्रा पुढचे काही आठवडे नाकातून लसीतला जिवाणू थोडा थोडा बाहेर टाकतो, म्हणून घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेलं माणूस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली तरच लस, नाहीतर नुसतं पाणी. पावसात वीज जाते ती कधी दोन-दोन दिवस येत नाही. औषधाच्या दुकानातून लस स्वतः विकत घेऊन खिशात टाकून नेऊ नका. डॉक्टरांच्याच फ्रिजमधली घ्या, आणि वीज गेल्यावर ती कुठे ठेवतात हे विचारायला संकोच करू नका. आणावीच लागली तर बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट चिकटवून नाही, गोठली तरी बिघडते.

होमस्टे चालवणाऱ्यांसाठी

बुकिंग घेतानाच दोन प्रश्न विचारा: लसीचं कार्ड आहे का, आणि गेल्या तीन आठवड्यांत कुत्रा खोकला होता का किंवा खोकणाऱ्या कुत्र्यासोबत राहिला होता का. उत्तर हो असेल तर तारीख पुढे ढकला, पैसे परत करावे लागले तरी. एका पाहुण्याच्या भाड्यापेक्षा वाडीतल्या कुत्र्यांचा जीव मोठा आहे. पाण्याची सामायिक कुंडी दारात ठेवू नका. प्रत्येकाला त्याचं भांडं, किंवा त्यांनी आणलेलं. कुत्रा राहून गेलेली खोली साबण आणि ब्लीचने धुऊन, शक्य असेल तर दोन दिवस मोकळी ठेवून मगच पुढच्या कुत्र्याला द्या. घरच्या कुत्र्याला पाहुण्यांच्या कुत्र्याशी खेळायला सोडायचंच असेल तर निदान पहिले चार दिवस थांबा.

हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांवर माशांच्या लिलावाच्या वेळी डझनांनी कुत्री एकत्र येतात. पाळलेल्या कुत्र्याला तिथे मोकळं सोडणं टाळा, आणि किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी एका मोठ्या ढिगाऐवजी लांब लांब, थोडं थोडं घालावं.

किनाऱ्यावर मेलेल्या पक्ष्यांकडेही लक्ष हवं. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. 2004 मध्ये थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा एच5एन1ने दगावल्याची नोंद आहे. पुळणीवर मेलेला कावळा, बगळा किंवा समुद्रपक्षी दिसला की कुत्र्याला लगेच पट्ट्यावर घ्या, पक्ष्याला हात लावू नका, आणि एकाहून जास्त दिसले तर ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात कोंबडीची कच्ची आतडी, पिसं, मुंडी कुत्र्याला घालू नका. नीट शिजवलेलं मांस चालतं. असा पक्षी कुत्र्याने तोंडात धरलाच असेल तर पुढचे दहा दिवस ताप आणि झोपेतला श्वास रोज मोजा, आणि काही बदललं तर डॉक्टरांना पक्ष्याचं आधी सांगा, खोकल्याचं नंतर.